हिरोच्या एक्सपल्स गाडीच्या पुढच्या शॉकअपचं सील दोनदा बदललं तरी तेल येऊन राहिलं, आता अख्खी जोडी बदलू का?

भाऊ, तुम्ही लिहिलं की डाव्या साइडचं सील दोनदा टाकलं, दोन्ही वेळा थोड्याच दिवसांत शॉकअपच्या चकचकीत पाइपावर परत तेलाचं कडं दिसलं आणि आता तुमचा मेकॅनिक म्हणतो जोडीच बदला. इतक्यात पैसे घालवू नका. दोन नवे सील एकाच जागी गेले म्हणजे सीलमध्ये खोट नाही, काहीतरी त्याला खाऊन राहिलं, आणि ते काय हे पाहिल्याशिवाय तिसरं टाकलं तर तेही जाईल. माझं वणीकडे छोटं गॅरेज आहे, पावसाळा सरला की पांदणीतून येणाऱ्या गाड्यांचं हेच काम लय असते, आणि त्यात गाडी कोणत्या कंपनीची याचा काही संबंध नसतो.

पहिले पाइप पाहा. कोरड्या फडक्यानं साफ पुसा, गाडी उन्हात उभी करा आणि अंगठ्याचं नख वरून खाली, मग गोल, असं हळूहळू फिरवा. डोळ्याला न दिसणारी खोच नखाला बरोबर लागते. डस्ट सीलच्या (धूळ अडवणारं वरचं रबर) वरचा चार-सहा बोटं भाग जास्त नीट पाहा कारण तोच सारखा आत-बाहेर होत असतो, आणि पुढची बाजू सोडू नका, गिट्टी उडून तिथंच लागते. खोच बारीक असेल तर तिचा फक्त वर आलेला काठ १००० नाही तर १५०० नंबरच्या पॉलिश पेपरला थोडं तेल लावून मारा, नखाला लागेनासा झाला की थांबा. चमकवत बसू नका, क्रोम निघाला तर मंग खरंच पाइप टाकावा लागते. जंगाचे ठिपके असून तिथं खड्डे पडले असतील तर पेपरनं काही होत नाही, तो एक पाइप बदला, किंवा मोठ्या शहरात हार्ड क्रोम करून ग्राइंडिंग करून देतात ते विचारा. पण एकच पाइप खराब आहे तर जोडी काहून घ्यायची?

गाडी कधी नालीत-खड्ड्यात जोरात गेली असेल तर पाइप वाकलाही असू शकते. तो बाहेर काढल्यावर काचेवर लोळवून पाहा, खालून उजेड कमी-जास्त दिसला की समजा वाकला. वाकलेल्या पाइपात सील एकाच बाजूनं घासते, कितीही चांगल्या कंपनीचं आणा.

पाइप चांगला निघाला तर मग आपली काळी माती. ओली असताना गारा चिकटते, वाळली की पाइपावर खपली धरते, आणि पुढचा दणका बसला की ती खपली डस्ट सीलच्या ओठाखाली जाऊन बसते. तिथून एक कण त्याच्या खालच्या, तेल अडवणाऱ्या ऑइल सीलमध्ये गेला की तेल बाहेर यायला वाट झाली. साध्या एक्सपल्स २०० ला पुढं १९० मिमी ट्रॅव्हल (शॉकअप दबायची जागा) आहे, म्हणजे पाइप लांबवर आत जातो आणि वरची घाण खाली ओढून नेतो. आणि हो, वावरातून आल्यावर फवारणीच्या पंपानं नाहीतर वॉशिंगवाल्याच्या जेटनं थेट सीलवर पाणी मारत असाल तर ते बंद करा, जोराच्या पाण्यानं माती आतच जाते. साध्या पाण्यानं भिजवा, फडक्यानं पुसा.

म्हणून काही खोलायच्या आधी एक फुकटचं काम करून पाहा. डस्ट सील पेचकसनं हळू हळू वर सरकवा, पाइपाला पेचकस लागू देऊ नका, आतली माती ब्रशनं काढा. जुन्या एक्स-रेची फिल्म घ्या, दोन बोटं रुंद पट्टी कापा, टोकाजवळ कैचीनं एक खाच मारा म्हणजे आकड्यासारखं होईल. हा आकडा पाइप आणि ऑइल सीलच्या मधात घालून सगळीकडून गोल फिरवा आणि वर ओढा, प्रत्येक वेळी पुसत चला. तेलात भिजलेली काळी माती पट्टीसोबत येते, पाहूनच कळते की काय चालू होतं. नंतर पुढचा ब्रेक धरून हँडल दहा-पंधरा वेळा दाबा, पाइप पुसा, दोन दिवस चालवा. बऱ्याच गाड्या इथंच थांबतात, सील टाकायचं कामच पडत नाही.

नाही थांबलं तर खोला. घरी होते, पण पाना-एलन की बरोबर मापाचे पाहिजे आणि इंजिनखाली लाकडाचा ठोकळा देऊन पुढचं चाक हवेत राहिलं पाहिजे. ब्रेकचा कॅलिपर काढला की तारेनं बांधून ठेवा, नळीवर लोंबकळत ठेवू नका. मग वरच्या टी चा (हँडलखाली पाइप धरणारा तुकडा) बोल्ट ढिला करा आणि पाइप खालच्या टी मध्ये घट्ट धरलेला असतानाच वरचं टोपण थोडं फिरवून मोकळं करा, हा क्रम चुकला तर मग पाइप हातात घेऊन टोपणाशी कुस्ती करत बसाल. पूर्ण खोलताना टोपणाच्या वर तोंड नेऊ नका, खाली स्प्रिंग दबलेली असते. बुडाचा एलन बोल्ट पण स्प्रिंग आत असतानाच ढिला करून घ्या, नाहीतर आतला रॉड बोल्टासोबत गोल गोल फिरते.

नवं सील टाकताना त्याच्या ओठाला फोर्क ऑइल लावा आणि पाइपाच्या टोकावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून मग सील सरकवा, कारण पाइपाची धार सीलचा ओठ फाडते आणि दोष सीलच्या डोक्यावर येतो. ठोकताना हातोडी सरळ सीलवर नाही, जुनं सील वर ठेवून त्यावर पीव्हीसी पाइपाचा तुकडा, आणि चारही बाजूंनी सारखं. सीलवरचा तारेचा लॉक खाचेत पूर्ण बसला की नाही ते बोटानं फिरवून पाहा. बुडाच्या बोल्टाचं तांब्याचं वॉशर नवं टाका.

आता तेल. तुमच्या मेकॅनिकनं कोणतं ओतलं ते विचाराच. काही ठिकाणी उरलेलं इंजिन ऑइल सरळ शॉकअपमध्ये जाते, ते जाड असते, गाडी पुढून दगडासारखी होते. फोर्क ऑइलच घ्या, ग्रेड आणि माप मॅन्युअलमध्ये असते, दोन्ही साइडला सारखं पाहिजे. 'जास्त टाकलं तर गाडी कडक होईल' म्हणून वाढवून देणारे आहेत, पण आत हवेला जागाच उरत नाही, मोठ्या खड्ड्यात दाब वाढतो आणि तो सीलमधून रस्ता काढतो. तुमच्या दोन सीलांमागे हेही असू शकते.

बसवताना एक्सल टाइट केला की त्याला साइडनं दाबून धरणारा पिंच बोल्ट लगेच आवळू नका, गाडी खाली घेऊन ब्रेक धरून हँडल चार-पाच वेळा दाबा, शॉकअपचे दोन्ही पाय सरळ बसतात, मग आवळा. आणि इतके दिवस तेल गळून राहिलं, तर डिस्क आणि पॅडवर गेलं का ते आधी पाहा. पॅड तेलात भिजला असेल तर धुऊन वापरू नका, नवाच टाका. अन् पाइपावर खोच सापडली तर फोटो टाकजा, पेपरनं होते की पाइप लागते ते सांगतो.