झाडांच्या पाण्याचे पैसे: एजंटला एक रुपया देऊ नका, आधी उतारावर चर काढा

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी आणि दिंडोरीच्या वरच्या अंगाच्या गावांतून सध्या एकाच विषयाचे फोन येतायत. डोंगरावर झाडं लावली की पाणी मुरतं, खालच्या धरणाला फायदा होतो, मग त्या पाण्याचे पैसे जमीनमालकाला मिळतात म्हणे, हे खरं का? कल्पना खरी आहे. पण ती घेऊन तुमच्या ओट्यावर जो बसलाय तो बहुतेक वेळा रोपं विकणारा किंवा फी गोळा करणारा असतो. निवडक प्रश्न घेतोय, नावं काढली आहेत.

पेठ तालुक्यातून: माझी आठ एकर वरकस जमीन आहे. एक जण येऊन सांगून गेला की कंपनी 'वॉटर क्रेडिट'चे वर्षाला एकरी पैसे देणार, आधी एकरी नोंदणी फी भरा आणि 30 वर्षांचा करार करा. करू का?

नाही. दादा, सही करू नका, फी भरू नका, आधार आणि ओटीपी तर अजिबात देऊ नका. ज्याला तुमच्या झाडांच्या पाण्याचे पैसे द्यायचेत तो तुमच्याकडूनच आधी पैसे कशाला मागेल? जिथे जिथे हे खरोखर चाललंय तिथे पैसा खालून वर येतो, म्हणजे पाणी वापरणाऱ्याकडून पाणलोटातल्या माणसाकडे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराचं पाणी कॅट्सकिलच्या डोंगरांतून येतं, तिथे 1997 मध्ये शहर आणि वरची गावं यांच्यात करार झाला, शहरानं गाळण्याचा अब्जावधी डॉलरचा प्रकल्प बांधण्यापेक्षा वरच्या शेतकऱ्यांना ओढ्याला कुंपण, शेणाची नीट साठवण, काठाला झाडं यासाठी पैसा दिला. कोस्टा रिकात 1997 पासून सरकार जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला पैसे देतंय आणि त्यातला मोठा वाटा इंधनावरच्या करातून येतो. ब्रिटनमध्ये जंगलानं हवेतून शोषलेल्या कार्बनचे पैसे मिळण्यासाठी 2011 पासून नियमावली आहे, आता पाण्यासाठीही तशीच बनवायचं काम तिथे सुरू झालंय. म्हणजे पुढारलेल्या देशातसुद्धा झाडांच्या पाण्याचा बाजार अजून उभा राहतोय आणि आपल्याकडे हा माणूस एकरी दर पाठ करून आलाय.

आपल्या देशातलं उदाहरण बघा. हिमाचलात पालमपूरची नगरपरिषद बोहल गावाच्या झऱ्याचं पाणी घेते, झऱ्यावरचं जंगल राखायचं म्हणून गावाच्या समितीला वर्षाला 10,000 रुपये द्यायचा करार 2010 मध्ये झाला. एकरी नाही दादा, अख्ख्या गावाला मिळून. रक्कम लहान आहे पण घेणारा कोण, देणारा कोण, काम कुठलं, हे सगळं कागदावर स्वच्छ आहे. तुमच्याकडे आलेल्या माणसाला एवढंच विचारा की पाणी विकत घेणारा कोण, त्याचं नाव सांग. नाशिक महापालिका गंगापूर, दारणा, मुकणेचं पाणी उचलते, एमआयडीसी आहे, वाइनरी आहेत, उद्या यांच्यातलं कुणी पैसे द्यायला पुढे आलं तर मी स्वतः तुम्हाला फोन करीन. आज जिल्ह्यात असा चालू बाजार नाही. 2027 च्या कुंभमेळ्यासाठी गोदावरीचा पैसा येणार, तो तुम्हाला झाडांवर मिळणार, असंही सांगत फिरतायत, त्याला भुलू नका.

करारातली अजून एक गोष्ट. तुमच्या भागात बहुतेक जमीन आदिवासी खातेदारांची आहे. ती बिगर आदिवासीला विकणं सोडाच, भाडेपट्ट्यानं द्यायलाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, महसूल संहितेचं कलम 36 अ आहे. वनहक्काची जमीन असेल तर ती वारसाकडे जाते, दुसऱ्याच्या नावावर होतच नाही. 30 वर्षांचा करार स्टॅम्प पेपरवर करून घेतला म्हणून तो कायदेशीर होत नाही, पण तोवर तुमची फी गेलेली असते आणि शेतात नको ती झाडं उभी असतात.

दिंडोरीहून: नर्सरीवाला म्हणतो ग्रीन क्रेडिटसाठी एकरी 1000 नीलगिरी लावा, प्रत्येक खड्ड्यात ओंजळभर हायड्रोजेल (पाणी शोषून फुगणारी पूड) आणि युरिया टाका म्हणजे झटपट वाढ दिसेल. नाल्याकाठची दोन एकर पडीक आहे.

याच्यात एकही गोष्ट बरोबर नाही. ग्रीन क्रेडिट म्हणजे झाडं लावण्यासारख्या पर्यावरणाच्या कामाबद्दल मिळणारे गुण, त्याचे नियम केंद्रानं ऑक्टोबर 2023 मध्ये काढले, झाडांची पद्धत फेब्रुवारी 2024 मध्ये आली. ती लागवड वनखात्याच्या पडीक जमिनीवरची आहे, हेक्टरी किमान 1100 झाडं हा आकडा तिथला. हेक्टरी, एकरी नव्हे. 2025 मध्ये तर बदल झाला की पाच वर्षं पूर्ण होऊन 40 टक्के जमिनीवर झाडांचं छत्र दिसल्याशिवाय क्रेडिट नाही. नर्सरीवाल्यानं त्यातला आकडा उचलला, हेक्टरचा एकर केला आणि तुमच्या सात-बाऱ्यावर आणून ठेवला, कारण त्याला रोपं खपवायचीत.

आता पाण्याचं बोलू, कारण मूळ घोटाळा इथे होतो. झाड पाणी तयार करत नाही, झाड पाणी पितं. झाडाखालची जमीन, पालापाचोळा आणि मुळांनी भुसभुशीत झालेली माती पाणी मुरवते, गाळ अडवते, खताचा अंश ओढ्यात जाऊ देत नाही. विकायचा फायदा हा आहे. दाट नीलगिरी लावली तर मार्च-एप्रिलमध्ये जेव्हा ओहोळाला पाणी हवं असतं तेव्हाच ती ते वर ओढते, खाली गवत नीट येत नाही आणि पावसाळ्यात उघड्या मातीवरून गढूळ पाणी धावतं. गंगापूर धरण गाळानं किती भरलंय ते नाशिककरांना माहितीय, साठवण आता 5630 दशलक्ष घनफुटांवर आलीय. खालच्या माणसाला गाळ नकोय. एकरात किती खोडं उभी आहेत त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

म्हणून भाऊ, नाल्याच्या दोन्ही काठांना दहा मीटरचा पट्टा सोडा. नांगरायचा नाही, चारायचा नाही, फवारायचा नाही. पाण्याजवळ वाळा आणि बांबू, त्याच्या मागे करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, पाच-पाच मीटरवर मिसळून. एकरी साधारण 160 झाडं बसतात, पुरे झाली. द्राक्षबागेतून सुटणारं नत्र हा पट्टा बऱ्यापैकी अडवतो, त्यात तुम्ही परत युरिया टाकला तर पट्टा करून उपयोग काय? खड्ड्यात दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि पाव किलो सुपर फॉस्फेट, बस. युरिया नको. हायड्रोजेल पिकात एकरी एक-दोन किलो वापरतात आणि इथे ओंजळभर एका खड्ड्यात, कोरडंच. पहिल्या पावसात ते फुगतं, रोप वर उचललं जातं, मुळं मोकळी पडतात आणि चार दिवसांत रोप आडवं होतं, अशी लागवड बऱ्याच शेतांत बघितलीय. दुकानदाराला विचारू नका की डोस किती, तो जास्तच सांगणार. परत सांगतो, युरिया नको, ओंजळभर जेल नको, एकरी हजार रोपं नकोत.

त्र्यंबकहून: आमच्या बांधावर आणि टेकडीवर आजोबांच्या वेळची मोह, आंबा, जांभळाची झाडं आहेत. त्यांचे पैसे मिळतील का?

काका, कार्बन असो की पाणी, अशा बाजारात आधी कायम प्रश्न येतो की तुम्ही नवीन काय केलं. आधीपासून उभं असलेलं झाड त्यात सहसा मोजत नाहीत. पण म्हणून तोडू नका, आणि जुनी तोडून नवीन लावली की क्रेडिट मिळतं असं सांगणाऱ्याला तर गावातून हाकला. ही झाडं 1964 च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. राखणीचे पैसे देणाऱ्या योजना जगात आहेत, कोस्टा रिकाचं वर सांगितलंच. तशी आपल्याकडे आली तर तुमची टेकडी पहिल्या रांगेत असेल. तोवर खालचा पाला जाळू नका.

राबाबद्दल इथेच बोलतो, कारण तिकडं नागली-वरईच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे वाफ्यावर पाला-फांद्या पसरून जाळतात, आणि त्यापायी ऐनाच्या फांद्या खरडून काढतात. उतार उघडा पडतो, पहिल्याच पावसात माती नाल्यात. गादीवाफ्यावर कुजलेलं शेणखत घालून रोपं करा, रोप तेवढंच सशक्त येतं.

इगतपुरीहून: पाऊस उघडल्यावर सप्टेंबरात लागवड करायची म्हणतोय, दुकानदारानं आधी ग्लायफोसेट मारून उतार साफ करायला सांगितलंय. अनुदानाचं पण सांगा.

उताराचं गवत मारायचं नाही. मारायचं नाही म्हणजे नाही. ते गवतच तुमची माती धरून आहे. इगतपुरीत 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, उघड्या उतारावर त्यानं काय होतं ते तुम्ही माझ्याहून जास्त बघितलंय. शिवाय ऑक्टोबर 2022 च्या अधिसूचनेप्रमाणे ग्लायफोसेट हे तणनाशक फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फत वापरायचंय, दुकानदार तरी काउंटरवरून देतो आणि दुप्पट डोस सांगतो. खाली झिरा असेल तर गाव तेच पाणी पितंय हे लक्षात घ्या. जिथं खड्डा आहे तिथलं हातभर गवत विळ्यानं कापून तिथंच आच्छादन म्हणून टाका, बाकीचं राहू द्या.

सप्टेंबर चुकीचा. मूळ खाली जायच्या आत ऑक्टोबरचं ऊन लागतं आणि मग फेब्रुवारीत तुम्ही फोन करता की रोपं वाळली. खड्डे आणि चर एप्रिल-मेमध्ये, लागवड जूनच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत, ऑगस्टच्या मध्यानंतर उतारावर रोप लावूच नका. पावसात चर खोदायला सांगणारे जेसीबीवाले असतात, त्यांनाही नाही म्हणा, सुटी माती थेट ओढ्यात जाते.

माझं म्हणणं तर झाडाच्या आधी चर. समपातळीत, दोन फूट रुंद, एक फूट खोल. एका मीटरच्या चरात एका वेळी 180 लिटर पाणी थांबतं, 50 मीटरच्या ओळीत 9000 लिटर, आणि पावसाळ्यात तो कितीतरी वेळा भरतो आणि रिकामा होतो. एकरावर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे चार लाख लिटर पाणी, ते कुठं जाऊ द्यायचं हे चर ठरवतो. चरातल्या मातीचा भराव उताराच्या खालच्या बाजूला, भरावावर पहिल्या पावसाबरोबर मारवेल किंवा पवना गवत, आणि भरावाच्या अंगाला आवळा, हिरडा, बेहडा, मोह, आंबा. समपातळी नजरेनं धरू नका, हायड्रोमार्कर (समपातळी आखायचं साधन) नाहीतर पाण्याची पारदर्शक नळी घ्या, तिरका चर गेला की तो पाणी मुरवत नाही, एका कोपऱ्यातून फोडून घळ पाडतो.

अनुदान: फळझाडं रोजगार हमीतून, त्यात बसत नसाल तर भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना, पैसे तीन वर्षांत 50-30-20 टक्के अशा हप्त्यांनी. सात-बारा, आठ-अ घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचे कृषी सहायक) भेटा, कामाला मंजुरी मिळाल्यावरच खड्डा खणा. एजंटमार्फत अर्ज करू नका.

सुरगाण्याहून, बचत गटाच्या ताईंकडून: मग आम्ही आत्ता करायचं तरी काय? उद्या खरा खरेदीदार आला तर?

ताई, नोंद. उद्या जो कुणी पैसे देईल तो विचारेल की आधी काय होतं आणि आता काय आहे, आणि आधीचं मागे जाऊन मोजता येत नाही. झऱ्याच्या तोंडाशी 15 लिटरचा हंडा धरा, मोबाईलवर टाइम लावा, किती सेकंदात भरला ते लिहा. डिसेंबरपासून जूनपर्यंत दर पंधरवड्याला, एकाच जागी, एकाच वेळी. पावसाळ्यात मोठा पाऊस झाला की चर काढलेल्या उताराखालच्या नाल्यातलं आणि उघड्या उताराखालच्या नाल्यातलं पाणी दोन सारख्या पारदर्शक बाटल्यांत भरा, रात्रभर ठेवा, सकाळी तळाचा गाळ पट्टीनं मोजा आणि शेजारी शेजारी ठेवून फोटो काढा. उताराचा फोटो दरवर्षी मे आणि ऑक्टोबरमध्ये त्याच दगडावर उभं राहून. जगलेली रोपं मोजा, लावलेली नव्हे. वही ग्रामसभेत दाखवा आणि ठरावात तशी नोंद करून घ्या, पालमपूरचा करार गावाच्या समितीशीच झाला होता, एकट्यादुकट्या खातेदाराशी नाही.

आणि गटातल्या कुणी आधीच फी भरली असेल तर पावती, करार आणि त्या माणसाचा नंबर घेऊन तालुका कृषी कार्यालयात या, पुढची रक्कम थांबवा. चर आखायला नळी आमच्याकडे आहे, मार्चमध्ये नाव लिहून ठेवा म्हणजे मेच्या आत तुमच्या उताराची आखणी करून देता येईल.