साल्झबर्गला जा, पण एफडी मोडून नको आणि कर्ज काढून तर नकोच

प्रश्न : ‘साउंड ऑफ म्युझिक’ हा चित्रपट मुलांना तोंडपाठ आहे, म्हणून येत्या मे महिन्यात चौघांनी तो जिथे घडतो त्या ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला जायचं म्हणतोय. मुलं १४ आणि ९ वर्षांची. हातात येणारा पगार १ लाख ४० हजार, गृहकर्जाच्या हप्त्यासकट घरखर्च ९३ हजार, एसआयपी १२ हजार, वर्षाचा बोनस ९० हजार. ६ लाखांची एफडी आहे. ती मोडावी की तेवढंच वैयक्तिक कर्ज घ्यावं?

उत्तर : तुमची एफडी म्हणजे साडेसहा महिन्यांचा घरखर्च. नोकरी गेली किंवा आजारपण आलं तर हप्ता त्यातूनच जाणार, म्हणून तिला हात लावू नका. कर्जाचं गणित असं : १४ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी ६ लाख घेतले तर हप्ता सुमारे २०,५०० आणि एकूण व्याज १ लाख ३८ हजार. शिवाय व्हिसाच्या तोंडावर खात्यात अचानक ६ लाख आले, तर बँक स्टेटमेंट तपासणारा त्याचा उगम विचारणारच.

खर्च किती, ते बघू. युरो ११० रुपये धरला आहे. मुंबई-म्युनिक (साल्झबर्गजवळचं जर्मन शहर) विमान चौघांचं २ लाख ४० हजार, ७ रात्रींची फॅमिली रूम दिवसाला १७० युरोने १ लाख ३१ हजार, जेवण ७० हजार, रेल्वे आणि तिकिटं ५५ हजार. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वयाला ४५. तुमच्या थोरल्याला पूर्ण फी, म्हणजे एकूण ३१५ युरो. सेवाशुल्क आणि विमा (किमान ३०,००० युरोचं कव्हर सक्तीचं) २० हजार. १० टक्के वरखर्च धरून ६ लाखांच्या आसपास.

महिन्याला ३५ हजार उरतात. त्यांची आरडी लावली की १४ महिन्यांत व्याजासह ५ लाख १० हजार होतात, वर बोनस. म्हणजे येता मे नाही, त्याच्या पुढचा. जुलैअखेर ते ऑगस्ट टाळा, तेव्हा संगीत महोत्सवामुळे हॉटेलं महागतात.

म्युनिकला उतरलात तरी जास्त रात्री साल्झबर्गला असतील तर व्हिसाचा अर्ज ऑस्ट्रियाकडेच करायचा. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाहीत, म्हणून लवकर उरका. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेल रद्द करता येण्याजोगंच घ्या. नकार आला तर फी परत मिळत नाही.

म्युनिकहून साल्झबर्गला रेल्वेचं बायर्न तिकीट चालतं : एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत, पण फक्त प्रादेशिक गाड्यांत आणि कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतर. जलद गाडीत चढलात तर ते ग्राह्य नाही.

चित्रपटातल्या जागांना फारसा पैसा लागत नाही. मिराबेल बाग फुकट, हेलब्रुन राजवाड्याच्या बागेतला काचेचा मंडपही फुकट (दार बंद असतं, फोटो बाहेरूनच). त्यामुळे टूर-बसचे पैसे वाचवून साल्झबर्ग कार्ड (शहराचा पर्यटक पास) घ्या. त्यात किल्ला, मोझार्टचं जन्मघर, हेलब्रुनची कारंजी आणि उंटर्सबर्ग डोंगराची केबल कार येते. १५ वर्षांपर्यंत निम्मा दर, तेव्हा थोरला तोवर १६ चा होणार नाही ना, ते जन्मतारखेवरून बघा. इथला पाऊस चिवट. कार्ड आकाश मोकळं असेल त्या दिवशीच सुरू करा, नाहीतर डोंगरावर ढगच दिसतील.

बँकेचं कार्ड स्वाइप करताना मशीनने रुपये की युरो विचारलं तर युरोच निवडा.