वाद्यांचा दवाखाना: आबाजीचा साइड ड्रम

प्रश्न: काका, नमस्कार. आम्ही घाटंजी तालुक्यातले. माझे आबाजी यवतमाळात एका अमेरिकन मिशनरी कुटुंबाकडे स्वयंपाकी होते. १९७४ साली ते कुटुंब मायदेशी परतलं, तेव्हा त्यांच्या मुलाचा साइड ड्रम आबाजीला देऊन गेलं. पुढे तो गावच्या बँडात वाजला, दरसाल तान्ह्या पोळ्याला वाजला. आबाजी गेल्यापासून माळ्यावर पडून आहे. तोंड १४ इंच, उंची ५ इंच. बिल्ल्यावर लुडविग, शिकागो आणि सहा आकडी नंबर आहे. खोड, म्हणजे मधलं गोल अंग, मळकट राखाडी. वरचं पान (वाजवायचा पडदा) बकरीच्या कातड्याचं. आठ लग (पानाचे बोल्ट ज्यात बसतात ते कान), त्यातला एक निराळा दिसतो. पान दाबून धरणारं खालचं कडं वरच्यापेक्षा जाड आहे. बिल्ल्याचं सोडून खोडाला आणखी दोन मोकळी भोकं आहेत. जुन्या वाद्यांचा एक व्यापारी म्हणाला, 'लोखंडी नक्कल आहे, दोन हजार देतो.' हा नेमका कोणता मॉडेल, आणि यात मूळचं काय उरलंय?

उत्तर: भाऊ, व्यापाऱ्याला आजच नाही म्हणून कळवा. हा नक्कल नाही, लुडविग या अमेरिकन ड्रम कंपनीचा अक्रोलाइट दिसतो.

लोखंडाची शंका आधी फेडू. बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक काढा आणि खोडाला लावा. माझ्या अंदाजानं ते चिकटणार नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत खोडाच्या मधोमध बाहेरच्या अंगाला एक वळी उठलेली दिसते. आतून बोट फिरवून बघा, कुठं सांधा लागतो का. चुंबक चिकटलं नाही आणि सांधाही नसला, तर ते अखंड ॲल्युमिनियमचं खोड आहे.

आता बिल्ला. वर रुंद, खाली निमुळता, दगडी कमानीच्या ऐन मधल्या दगडासारखा. लुडविगनं हा आकार साधारण १९६० पासून १९६९-७० पर्यंत वापरला, पुढे निळ्या-हिरवट रंगाचा टोकदार कोपऱ्यांचा बिल्ला आला. बिल्ल्यावर नंबर टाकायला त्यांनी १९६३ च्या अखेरीस सुरुवात केली. तुमच्या बिल्ल्याचा आकार जुना आणि त्यावर नंबरही आहे, म्हणजे ड्रम १९६३ अखेर ते १९७० या दरम्यानचा. नंबरावरून नेमकं साल काढण्याच्या भानगडीत पडू नका. कारखान्यात बिल्ले पेटीतून हाताला येतील तसे लावत, त्यामुळं मोठा नंबर आधी आणि लहान नंतर असंही झालेलं आहे. लाकडी खोड असतं तर आत लाल शाईचा तारखेचा शिक्का शोधायला सांगितलं असतं. तुमच्याकडे बिल्ल्यावरच भागवावं लागेल.

बिल्ल्याच्या मधोमध जे गोल डोळ्यासारखं धातूचं कडं आहे, ते बिल्ला धरून ठेवतं आणि खोडातली हवाही तिथूनच बाहेर पडते. ते शाबूत असेल, स्क्रू मारून बिल्ला चिकटवलेला नसेल, तर बिल्ला याच खोडाचा समजायला हरकत नाही.

मॉडेलचं नाव अक्रोलाइट, कॅटलॉगमधला नंबर ४०४. हा शाळकरी मुलांसाठी काढलेला ड्रम होता, त्यामुळं अमेरिकन कुटुंबाच्या सामानात तो सापडावा हे अगदी जुळतं. यवतमाळात अमेरिकन फ्री मेथडिस्ट मिशनचं काम होतं, १९५३ ते १९८३ या काळात तिथं युनियन बिब्लिकल सेमिनरीही होती. आबाजींनी सांगितलेली हकीगत आणि वस्तू एकमेकांना दुजोरा देतात, याचा मला फार आनंद झाला.

'शाळकरी' या शब्दानं मात्र मन लहान करू नका. लुडविगचा नावाजलेला सुप्राफोनिक आणि हा अक्रोलाइट यांचं ॲल्युमिनियमचं खोड एकच. सुप्राफोनिकवर क्रोम चढवलेलं आणि त्याला दहा लग. याला क्रोम नाही आणि लग आठ. त्या क्रोमला पुढे बारीक फोड येतात, ते पापुद्र्यासारखं सुटतं. तुमच्या खोडाला ती व्याधी व्हायचीच नाही.

मूळचं काय, हे ओळखायची खात्रीची रीत सांगतो. अक्रोलाइटचे लग बो-टायसारखे असतात, दोन टोकांना फुगीर आणि कमरेत बारीक. आतले स्क्रू सोडवून आधी बरोबर दिसणारा एक लग अलगद काढा. खाली खोडावर त्याच आकाराचा उजळ ठसा दिसेल, कारण पन्नास वर्षं तिथं ना धूळ पोचली ना धूर. मग तो निराळा लग काढा. त्याच्या खालीही बो-टायचाच ठसा दिसला आणि लगचा आकार त्याला जुळला नाही, तर लग नंतर बसवलेला. हीच रीत खटक्यालाही लावा, म्हणजे खालच्या पानावरच्या तारा ओढायची-सोडायची कळ जिथं आहे तिथं. प्रत्येक लग काढताना त्याच्या जागेचा आकडा कागदावर लिहून कागद लगसोबत दोऱ्यानं बांधा.

बदली लग बहुधा मेरठचा असेल. तिथल्या जली कोठी भागातून देशभरच्या बँडवाल्यांना माल जातो. खालचं जाड कडंही तिथलंच असावं. त्यालाही चुंबक लावा, वरच्यालाही लावा. वरच्याला चिकटलं नाही तर ते पितळेवर क्रोम चढवलेलं सुरुवातीच्या वर्षांतलं कडं, फार जपा. चिकटलं तरी निराश होऊ नका, नंतरच्या वर्षांत लुडविगनंच लोखंडी कडी वापरली.

भोकांचं असं आहे. वरच्या काठाजवळचं, साफ कडेचं भोक आवाज दाबायच्या फेल्टचं. त्याची बाहेरची चकती आणि आतला हात कुणीतरी काढून टाकलाय. दुसऱ्याची कड फोटोत खडबडीत दिसते. ते हातड्रिलनं पाडलेलं, गळ्यात अडकवायच्या पट्ट्याच्या हुकासाठी. मिरवणुकीत चालत वाजवायला बँडवाल्यांनी ते केलं. ते बुजवू नका. गावच्या रस्त्यानं तान्ह्या पोळ्यात ड्रम निघाला याची ती खूण आहे, आणि बुजवल्यानं आवाजात काडीचा फरक पडणार नाही.

पान आणि तारा यांची मूळ-नक्कल कुणी धरत नाही, ती झिजणारीच वस्तू. तुम्ही लिहिलंय की वरचं पान बकरीच्या कातड्याचं आहे. ते उतरवून ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात कातडं असं आवळतं की सगळा ताण बोल्टांवर येतो, आणि श्रावणात पोतेऱ्यासारखं ढिलं पडतं. १४ इंची प्लॅस्टिकचं पान घ्या. माळ्यावर कुठं 'वेदर मास्टर' छापलेलं जुनं पान सापडलं, तर फाटलेलं असलं तरी टाकू नका. ते लुडविगचंच.

बोल्टांबद्दल हात जोडून सांगतो. यांचा आटा अमेरिकन आहे, जाडी साडेपाच मिलिमीटरच्या आसपास आणि एका इंचात २४ आटे. बाजारातला पाच मिलिमीटरचा बोल्ट त्यात सैल खेळतो, सहाचा शिरत नाही. मग लेथवाला म्हणतो, आटा पाडून देतो. मी आर्वीत नवा नवा काम करायचो तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या ड्रमला असाच सहाचा आटा पाडला. पान ताणताना लग उभा चिरला. ओतीव धातूचा तो कान पुन्हा जोडता आला नाही, आणि त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. एखादा बोल्ट कमी असला तर जागा रिकामी ठेवा, अमेरिकन आट्याचा बोल्ट मागवा.

धुताना चिंच नको, राख नको, धुण्याचा सोडा नको. पितळी भांड्याला जे चालतं ते इथं चालत नाही. राखेतला खार ॲल्युमिनियम खातो. कोमट पाण्यात अंगाच्या साबणाचे दोन थेंब, जुन्या धोतराचा मऊ तुकडा, आणि लगेच कोरडं पुसणं. राखाडी रंग तसाच राहू द्या, तो त्याचा मूळचा रंग आहे.

निराळा लग आणि जाड कडं बदलून मूळचे मिळाले, तरी हे दोन्ही पिशवीत घालून ड्रमसोबतच ठेवा. आणि खटका सोडवलात की त्याच्या मागच्या बाजूचा एक फोटो पाठवा. तो मूळचा आहे का, एवढंच सांगायचं राहिलंय.