आधी तीनच थिएटरं का? फेस्टिव्हलमधल्या चित्रपटाची अमेरिकेतली खरेदी आणि हिशोब

प्रश्न असा आहे, की फेस्टिव्हलमध्ये गाजलेला चित्रपट अमेरिकेतले छोटे वितरक कसा घेतात आणि घेतल्यावर दोन-तीन थिएटरांतच का लावतात. ‘पैसे नसतात म्हणून’ हे उत्तर अर्धंच खरं आहे.

कान, टोरांटो किंवा सन्डान्स फेस्टिव्हलला निर्मात्याच्या वतीने सेल्स एजंट बसलेला असतो आणि तो देशागणिक हक्क विकतो. अमेरिकेचा वितरक बहुधा उत्तर अमेरिकेचे सर्व माध्यमांचे हक्क दहा-पंधरा वर्षांसाठी घेतो आणि त्यापोटी एमजी, म्हणजे किमान हमी रक्कम देतो. सही करताना साधारण १० ते २० टक्के, उरलेली डिलिव्हरी, म्हणजे चित्रपटाची प्रत, ध्वनी आणि हक्कांची कागदपत्रं, मंजूर झाल्यावर. एमजी म्हणजे ऊसतोडीतल्या उचलीसारखी उचल. ती फिटल्याशिवाय निर्मात्याला पुढचा पैसा सुटत नाही.

मुरलेले वितरक बक्षिसाची वाट बघत बसत नाहीत. निऑन या अमेरिकी वितरकाने ‘पॅरासाइट’ हा कोरियन चित्रपट २०१८ मध्येच घेऊन ठेवला होता. मे २०१९ मध्ये कानला पाम दोर हे सर्वोच्च बक्षीस मिळाल्यावर तो त्या भावात हाती लागला नसता. ११ ऑक्टोबर २०१९ला त्यांनी तो न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस मिळून ३ थिएटरांत लावला. शुक्रवार ते रविवार थिएटरमागे सव्वा लाख डॉलरहून जास्त गल्ला जमला.

सगळा खेळ या थिएटरमागच्या सरासरीचा आहे. पुढच्या शुक्रवारी कोणता चित्रपट ठेवायचा आणि कोणता उतरवायचा हे सोमवारी ठरतं, आणि थिएटरांसाठी चित्रपट निवडणाऱ्या बुकरसमोर तेव्हा हाच आकडा असतो. तीनशे थिएटरांत अर्धी रिकामी सभागृहं दिसली की दुसऱ्या आठवड्यात पडदे जातात, ते पुन्हा मिळत नाहीत. ‘पॅरासाइट’ हळूहळू पसरवला म्हणून ९ फेब्रुवारी २०२०च्या ऑस्करपर्यंत तो पडद्यावर टिकला. मग निऑनने तो दोन हजार थिएटरांपर्यंत नेला आणि अमेरिकेतली कमाई पाच कोटी डॉलरपलीकडे गेली. एक सावधगिरी मात्र हवी: पहिल्या आठवड्यात दिग्दर्शक प्रश्नोत्तरांना हजर असेल, तर सरासरी फुगते. तो विमानात बसला की खरा आकडा कळतो.

आता हिशोब. आकडे कल्पित आहेत, पण मांडणी नेहमीची. एमजी ५ लाख डॉलर, प्रसिद्धी आणि प्रिंटचा खर्च ८ लाख, तिकीटबारीवर ३० लाख. थिएटरवाल्यांचा वाटा जाऊन वितरकाकडे ४५ टक्के धरले तर साडेतेरा लाख येतात. त्यातून वितरकाचं स्वतःचं ३० टक्के वितरण-शुल्क, म्हणजे ४ लाख ५ हजार, आधी कापलं जातं. उरलेल्या ९ लाख ४५ हजारांतून प्रसिद्धीचे ८ लाख वजा. राहिले १ लाख ४५ हजार. म्हणजे चित्रपट ‘चालला’ तरी उचलीतले साडेतीन लाखांवर अजून फिटायचेच आहेत! ही तूट स्ट्रीमिंग आणि टीव्हीच्या पैशातून भरायची असते, आणि तो भाव थिएटरातल्या कामगिरीवर आणि पुरस्कारांवर ठरतो. त्यामुळे थिएटरातला तोटा बऱ्याचदा जाणूनबुजून पत्करलेला असतो.

पुरस्कारांचे नियमही तारखा ठरवतात. ऑस्करच्या सर्वसाधारण विभागांसाठी ठरावीक सहा महानगरांपैकी एका ठिकाणी सलग ७ दिवस, रोज किमान ३ खेळ लावावे लागतात, त्यातला एक संध्याकाळी ६ ते १० मध्ये. परभाषिक विभागात मात्र २०२४ मध्ये देशाने पाठवलेला एकच चित्रपट जात असे. मुंबई-रत्नागिरीत घडणाऱ्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला त्याच वर्षी कानचं ग्राँ प्री हे दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस मिळालं, पण भारताने दुसराच चित्रपट पाठवला. साइडशो आणि जेनस या वितरकांनी तो नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत लावल्यामुळे इतर विभागांची वाट तरी उघडी राहिली.

सौदे बहुतेकदा अडतात ते डिलिव्हरीवर. गाण्याचा परवाना फक्त फेस्टिव्हलपुरता घेतलेला असतो आणि सर्व माध्यमांसाठी मागायला गेलं की मालक वाट्टेल ती किंमत सांगतो. संवादांशिवायचा संगीत-ध्वनी ट्रॅक वेगळा काढलेला नसतो. इंग्रजी सबटायटल चित्रावरच छापलेली असतात, स्वच्छ प्रत हाताशी नसते. पटकथेपासूनची हक्कांची कागदोपत्री साखळी एखाद्या सहीवाचून तुटलेली असते, मग विमा कंपनी चुका-दाव्यांचा विमा (हक्कांवरून कोणी दावा ठोकला तर भरपाई देणारा) देत नाही आणि विम्याशिवाय वितरक दुसरा हप्ता सोडत नाही. यात सहा आठवडे गेले की ऑक्टोबरची तारीख हुकते.

तुमचा चित्रपट विकायचा असेल, तर एमजीच्या आकड्यावर घासाघीस करण्याआधी करारात तीन गोष्टी लिहून घ्या: प्रसिद्धीखर्चाची कमाल मर्यादा, तुमच्या चित्रपटाची वसुली वितरकाच्या दुसऱ्या चित्रपटाच्या तोट्यात वळती न करण्याची अट, आणि हिशोब तपासण्याचा हक्क. तिसरी गोष्ट वितरक सहसा नाकारत नाहीत. पहिलीवर मात्र घोडं अडतं, तेव्हा निदान ‘मर्यादेपलीकडे लेखी संमती’ एवढं तरी घालून घ्या.