सगळे मार्ग बंद झाल्यावर देवावर भरवसा कसा ठेवायचा?

‘देव बघून घेईल’ म्हणत हातावर हात धरून बसणं म्हणजे भरवसा नव्हे, एवढं आधी सांगतो. तुकोबांचं बघा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली बायको गेली, मूल गेलं, धंदा बुडाला. पुढे अभंगांच्या वह्याही इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा देहूत नदीकाठी ते १३ दिवस अन्नपाण्याविना धरणं धरून बसले, असं परंपरा सांगते. तेही गोडीगुलाबीनं नव्हे, विठ्ठलाशी चक्क भांडत! वह्या तरल्या की नाही यावर वाद घालणारे घालोत. मला त्यातला बारावा दिवस जास्त कळतो. वडील आयसीयूत होते तेव्हा रात्रभर कॉरिडॉरमध्ये मीही विठोबाशी असाच भांडलो. सकाळी चिठ्ठी घेऊन मेडिकलच्या रांगेत मात्र मीच उभा होतो.