इंदूरला सुयांना करंट देणारं अ‍ॅक्युपंक्चर घेतलं तर बाबांची शुगर आणि फॅटी लिव्हर दोन्ही बरे होतील का?

नाही, निव्वळ त्याच्या भरवशावर राहू नका. त्याने हे दोन्ही आजार बरे होतात असा भक्कम पुरावा माणसांमध्ये अजून नाही. मी इथेच आहारतज्ज्ञ आहे, असे पेशंट रोज बघते. गुडघ्याखाली चार बोटांवर सुई टोचून सौम्य करंट दिला की इन्सुलिनचं काम सुधारतं, असं दिसलंय खरं, पण मुख्यतः उंदरांवर. माणसांवरचे प्रयोग छोटे आहेत.

लिव्हरला खरा फरक पडतो तो वजनाने. 5 टक्के उतरलं की चरबी घटायला लागते, 7 ते 10 टक्क्यांनी सूजही ओसरते. म्हणजे बाबा 80 किलोंचे असतील तर आधी 4 किलो. सकाळच्या पोह्यांवरची मूठभर शेव आणि सोबतची जिलबी इथूनच सुरुवात करा (इंदूरकराला हे सांगणं म्हणजे पापच, पण इलाज नाही).

तरीही करून बघायचंच असेल, तर डॉक्टरांना विचारून, गोळ्या चालू ठेवून, नव्या सीलबंद सुयांनीच. पेसमेकर असेल तर मात्र करंट अजिबात नको. पाय बधिर असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते आधीच सांगा.