प्लास्टिक टाकूनही मिरची-वांगी का गेली?

तुम्ही विचारलंय: फोनवर ३६ डिग्री फॅरनहाइट, वाफ्यावर बुंध्याशी दोरीने आवळलेलं प्लास्टिक, आणि तरी सकाळी मिरची-वांग्याची पानं काळी, लिबलिबीत. न्यू जर्सीत ऑक्टोबरच्या मध्यानंतर हे रडगाणं घरोघरी असतं. फोनवरचा आकडा जमिनीपासून पाचेक फुटांवरच्या हवेचा. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की पानं हवेपेक्षा गार होतात, म्हणून ३६ फॅरनहाइटलाही फ्रॉस्ट पडतो, म्हणजे पानांवर बर्फाचा थर धरतो.

पण खरा घात प्लास्टिकने केलाय. जिथे ते पानाला टेकतं तिथे बाहेरची थंडी थेट पानात उतरते. त्यातून तुम्ही ते बुंध्याशी दोरीने आवळलंय म्हणता, म्हणजे संपलंच. रात्री झाडाला ऊब मिळते ती दिवसा तापलेल्या मातीतून. बुंध्याशी गाठ मारली की ती बाहेरच राहते. आच्छादन चारही बाजूंनी जमिनीपर्यंत सोडा आणि कडांवर विटा ठेवा.

चार फुटी वाफ्याला अर्ध्या इंची पीव्हीसीचे दहा फुटी पाईप घ्या. दोन्ही बाजूंना दोन फुटी, तीन सुती (३/८ इंची) लोखंडी सळया जमिनीत निम्म्या ठोकून पाईप वाकवून त्यावर खोचा. दर तीन-चार फुटांवर एक कमान. वर रो कव्हर, म्हणजे झाडांवर घालायचं हलकं पांढरं कापड. अर्ध्या औंसाचं (वजन दर चौरस यार्डाचं) मुख्यतः किड्यांसाठी असतं, थंडीला दीड औंसाचंच घ्या, साधारण सहा डिग्री सांभाळतं. दुपारी मातीला पाणी द्या, पानांवर नको. ओली माती ऊब जास्त धरते. झाकायचं सूर्यास्ताआधी, जेवणं आटोपल्यावर नव्हे. ऊन आलं की काढा. ख्रिसमसच्या माळा लावायच्या तर जुन्या, तापणाऱ्या दिव्यांच्या. एलईडीने फक्त शोभा येते.

कापड सकाळी काढायचं आणखी एक कारण म्हणजे असोसिएशनचं, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीचं, ऑफिस. आमच्याकडचं ऑफिस पांढरं कापड दिसताच दंडाचं पत्र धाडतं. नियम कुठला विचारलं की उत्तर येईतो सीझन संपतो. असो.

पालक-कोथिंबिरीसाठी एवढा जीव काढू नका, हलक्या फ्रॉस्टला त्या दाद देत नाहीत. मात्र पारा २८ च्या खाली चार-पाच तास राहणार असेल तर माझ्या मते मिरची, वांगी, टोमॅटो आदल्या संध्याकाळीच तोडावेत. (ऑक्टोबरच्या मध्याचा हिशेब मध्य न्यू जर्सीतल्या एडिसन-प्लेन्सबरोकडचा, उत्तरेला ससेक्सच्या डोंगराकडे थंडी आधी येते.) पांढुरकी झाक आलेले हिरवे टोमॅटो घरात ६०-७० डिग्रीला पिकतात. गडद हिरव्यांची चटणीच करा.